अफवा, सत्य आणि पुलाची रुंदी

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मुंबईत जोराचा पाऊस पडत होता. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) ही दोन स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलावर काही माणसे पावसापासून आडोसा म्हणून थांबली होती, आणि लागोपाठ आलेल्या गाड्यांमधून उतरलेली माणसे त्याच पुलावर चढत होती. कोंडी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे चौकशीत बचावलेल्या एका प्रवाशाने सांगितलेली हकिकत वृत्तपत्रांत आली. कोणा फूलविक्रेत्याचा भारा खाली पडला, ‘फूल गिर गया’ असे शब्द उच्चारले गेले, आणि गर्दीने ते ‘पुल गिर गया’ असे ऐकले.

‘प’ अल्पप्राण आहे आणि ‘फ’ महाप्राण, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो. दोन अक्षरांत फरक काय तो श्वासाचा. ही हकिकत खरी मानली तर त्या सकाळच्या अफवेला कोणी जनकच नाही. बोलणारा खोटे बोलला नाही, ऐकणाऱ्याने मुद्दाम चुकीचे ऐकले नाही आणि पळणाऱ्याने जीव वाचवण्याखेरीज दुसरा हेतू धरला नाही. अशा प्रसंगी चौकशी करणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, ‘कोण ओरडले?’ दुसरा, ‘पूल किती रुंद होता आणि त्यावर माणसे किती होती?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी त्यातून पुढचा अपघात टळत नाही. दुसऱ्याच्या उत्तरातून टळू शकतो. मुंबईकरांनीही दुसराच प्रश्न लावून धरला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने बांधलेला नवा पूल तेथे खुला झाला.

ही जुनी घटना आज आठवण्याचे कारण असे. काही काळापूर्वी गिरगावातील एका शाळेत शिक्षकांशी बोलण्याचा योग आला. विषय विज्ञान आणि अंधश्रद्धा असा होता, पण चर्चा लवकरच भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संदेशांकडे वळली. एका बाईंनी सरळ विचारले, “समाजमाध्यमांवरची खोटी माहिती रोखायची जबाबदारी नेमकी कोणाची? सरकारची, कंपन्यांची, की आमची?” आम्ही उत्तर दिले, “सगळ्यांचीच.” टाळ्या पडल्या, पण घरी येताना आमचे आम्हालाच ते उत्तर गुळमुळीत वाटू लागले. सगळ्यांची म्हणून सांगितलेली जबाबदारी बहुधा कोणीच उचलत नाही. या विषयावर सामान्यतः दिली जाणारी तीन उत्तरे तपासून पाहावीत आणि त्या बाईंना अधिक नेमके उत्तर द्यावे, यासाठी हा लेख.

खऱ्याखोट्याचे शिक्के

तीनही उत्तरांच्या मुळाशी एक गृहीत असते. प्रत्येक संदेश खरा तरी असतो किंवा खोटा तरी, आणि योग्य माणसाच्या हाती दिल्यास त्याच्यावर तसा शिक्का मारता येतो. हे गृहीत कितपत टिकते ते एका उदाहरणावरून पाहू.

ऑगस्ट २००६ मध्ये दादरच्या शेजारच्या माहीमच्या खाडीवर लोकांची झुंबड उडाली. समुद्राचे पाणी गोड झाले अशी बातमी पसरली होती. लोक ओंजळीने पाणी पीत होते, बाटल्या भरून घरी नेत होते. कोणी त्याला चमत्कार म्हटले, कोणी त्यात औषधी गुण पाहिले. हे पाणी पिऊ नका असे अधिकारी सांगत होते. ही बातमी खरी होती की खोटी?

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जड असते. माहीमच्या उपसागराला मिठी नदी मिळते. भर पावसाळ्यात नदीतून आलेले गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर करून काही काळ राहू शकते. म्हणजे चाखणाऱ्यांच्या जिभेने त्यांना फसवले नव्हते. पाणी खरोखरच कमी खारट लागत होते. ‘हा चमत्कार आहे’ हे त्याचे स्पष्टीकरण मात्र चुकीचे होते. आणि ‘प्या, लाभ होईल’ हा सल्ला तर धोक्याचा होता, कारण मिठी नदी पावसाच्या पाण्याबरोबर शहराचे सांडपाणीही वाहून आणते.

एकाच बातमीत येथे तीन गोष्टी आहेत. निरीक्षण बरोबर, स्पष्टीकरण चूक आणि सल्ला घातक. सबंध बातमीवर ‘खोटी’ असा शिक्का मारला असता तर ज्याने स्वतः पाणी चाखले होते त्याने शिक्का मारणाऱ्यालाच खोटे ठरवले असते, आणि त्याचा चांगला सल्लाही ऐकला नसता. शिक्का मारण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. ते कोणाच्या हाती द्यायचे याचा विचार करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सरकारने निवाडा करावा काय?

पहिले उत्तर असे, की हे काम सरकारचे. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून हेच उत्तर कायद्यात उतरवले. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारनेच नेमलेला तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. असा मजकूर समाजमाध्यम कंपनीने तसाच ठेवला तर कायद्याच्या कलम ७९ खाली तिला मिळणारे संरक्षण धोक्यात येणार होते. लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल कंपनीवर खटला होऊ नये यासाठी हे संरक्षण असते. ते जाऊ नये म्हणून कंपनी मजकूर काढून टाकणेच पसंत करणार, हे सांगायला नको.

विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि इतरांनी या नियमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. न्या. नीला गोखले यांच्या मते नियमाचा रोख जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्या माहितीवर होता, टीकेवर किंवा उपहासावर नव्हता. आणि कक्ष सरकारने नेमला एवढ्यावरून तो पक्षपाती ठरत नाही. मार्चमध्ये सरकारने कक्षाची अधिसूचना काढली, तिला दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अखेर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिले आणि नियम रद्द झाला. बनावट, खोटे, दिशाभूल करणारे हे शब्द संदिग्ध आहेत. जी माहिती छापली असता या चाळणीतून जात नाही ती केवळ डिजिटल आहे म्हणून तिला वेगळा न्याय का. आणि नागरिकांपर्यंत फक्त सरकारच्या दृष्टीने खरी माहिती पोचावी हे पाहणे राज्यसंस्थेचे कर्तव्य नाही, असा त्या मताचा आशय होता.

कायद्याच्या बाजूने काय म्हणायचे ते न्यायालयाने म्हटले आहे. आम्ही विज्ञानाच्या बाजूने एक मुद्दा जोडू इच्छितो, आणि त्यासाठी पुन्हा परळलाच जावे लागेल.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सरकारने आयोग नेमला. बाटली गावात उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले.

निष्कर्ष अधिकृत होता, पण चुकीचा होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर उग्र वास आला असता; बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. हे पुरावे पुढे येत गेले, आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्यानंतर सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

लस टोचणे हे सरकारचे कामकाज होते. ‘आयोग चुकला आहे’ असे १९०५ साली म्हणणे म्हणजे सरकारच्या कामकाजाविषयी अधिकृत निष्कर्षाविरुद्ध विधान करणे होते. त्या वेळी असा कक्ष असता तर रॉस यांच्या म्हणण्यावर त्याने कोणता शिक्का मारला असता? कक्षातील माणसे अप्रामाणिक असण्याचीही गरज नाही. हाती असलेल्या अधिकृत कागदाशी ताडून पाहिले असते तर प्रामाणिक माणसानेही ‘दिशाभूल करणारे’ असेच लिहिले असते. विज्ञानात सत्य ठरवणारे कार्यालय नसते. चूक दाखवण्याची वाट उघडी असते, आणि ती उघडी राहते म्हणून चुका दुरुस्त होतात. वाद ज्याच्या कामाविषयी आहे त्याच्याच हाती ती वाट बंद करण्याची किल्ली देणे हे सत्याच्या दृष्टीने घातक आहे.

मुंबईचा निकाल लागला म्हणून प्रश्न संपलेला नाही. मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांना पोचवणाऱ्या सरकारच्या ‘सहयोग’ या व्यवस्थेला एक्स कंपनीने दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळले. म्हणजे न्यायालयांतही या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी एकच नाही.

कंपन्यांनी करावे काय?

दुसरे उत्तर असे, की ज्यांच्या व्यासपीठावर खोटी माहिती फिरते त्या कंपन्यांनीच ती काढावी. हे उत्तर प्रथमदर्शनी पटते. परंतु मजकुराचा निवाडा कंपनीकडे दिला तर एक खासगी, नफ्यासाठी चालणारी संस्था कोट्यवधी लोकांसाठी सत्य ठरवू लागते, आणि तिचे धोरण वाऱ्याप्रमाणे बदलू शकते. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने अमेरिकेतील स्वतंत्र तथ्यतपासणी संस्थांशी असलेली व्यवस्था बंद करत असल्याचे जाहीर केले. एका घोषणेने वर्षांची व्यवस्था गेली. नागरिकांना त्यात विचारले गेले नाही.

तरीही कंपन्यांना सोडून देता येणार नाही. त्यांच्या हाती मजकुरापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे पुलाची रुंदी. परळचा पूल माणसांसाठी फार अरुंद होता. अफवांसाठी बांधलेला पूल फार रुंद आहे. तो कोणी आणि कशासाठी रुंद केला हा खरा प्रश्न आहे.

हे गणिताने पाहता येते, आणि आठवीच्या विद्यार्थ्यालाही ते करता येईल. मानू या, की संदेश मिळालेल्या दर दहा जणांपैकी एक जण तो पुढे पाठवतो. पाठवणाऱ्याला एका वेळी २० जणांना पाठवता येत असेल, तर प्रत्येक पाठवणाऱ्यामागे पुढच्या पायरीवर २० गुणिले १/१०, म्हणजे सरासरी २ नवे पाठवणारे तयार होतात. एका माणसापासून सुरुवात केली तर दहा पायऱ्यांनंतर २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ पाठवणारे होतील. आता मर्यादा ५ जणांची करू. प्रत्येक पाठवणाऱ्यामागे अर्धाच नवा पाठवणारा उरतो. सुरुवातीला १०२४ पाठवणारे असले तरी दहा पायऱ्यांनंतर सरासरी एकच उरेल. माणसे तीच, त्यांचा भोळेपणा तोच, संदेशही तोच. पण एकीकडे वणवा आणि दुसरीकडे विझती काडी. साथीच्या रोगांत जो नियम आपण शिकलो तोच येथे लागू पडतो. गुणक एकाच्या वर आहे की खाली यावर सारे अवलंबून असते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याआधी त्या भागात व्हॉट्सॲपवरून तशा अफवा फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीने सांगितले. या उपायात एकही संदेश कोणी वाचला नाही आणि कोणावर खरेखोटेपणाचा शिक्का मारला नाही. फक्त पुलाची रुंदी बदलली.

या उपायाला मर्यादा आहेत. पाच ‘ठिकाणे’ म्हणजे पाच माणसे नव्हेत. प्रत्येक ठिकाण शेकडो जणांचा गट असू शकतो, आणि तसे झाले की वरचे गणित बदलते. शिवाय अरुंद पुलावरून चांगली माहितीही सावकाश जाते. पण सावकाश जाण्यात सत्याचे नुकसान असत्याइतके होत नाही. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० साखळ्यांचा अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि १५०० जणांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. यंत्रचलित खाती वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे वेग हा असत्याचा मित्र आहे. वेग कमी केला की दोघांतले अंतर कमी होते.

मग वेग कमी का करत नाहीत? कारण लोक जितका वेळ गुंतून राहतील तितकी जाहिरात अधिक. कोणता मजकूर कोणापुढे आधी ठेवायचा हे कंपनीची आज्ञावली ठरवते, आणि ती कशी ठरवते हे बाहेरच्या संशोधकाला तपासता येत नाही. येथे आमची संशोधक म्हणून तक्रार आहे. एक्सने २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी विनामूल्य विदा बंद केली. मेटाने आपल्या व्यासपीठांवरील मजकुराचा प्रसार मोजणारे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. पुलाचा आराखडा अभियंत्यांना दाखवायचा नाही आणि वर पूल मजबूत असल्याची ग्वाही द्यायची, असा हा प्रकार आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या रचनेतील धोके स्वतः तपासणे, बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घेणे आणि संशोधकांना विदा देणे बंधनकारक केले आहे. त्या कायद्यातही त्रुटी असतील. पण त्याचा हा भाग ‘कोण ओरडले?’ यापेक्षा ‘पूल किती रुंद?’ असे विचारतो, आणि ती दिशा आम्हाला योग्य वाटते.

आपणच सावध राहावे काय?

तिसरे उत्तर सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत लाडके आहे. ‘खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका.’ सरकारच्या जाहिरातीत ते असते, कंपन्यांच्या जाहिरातीत असते आणि आमच्या व्याख्यानांतही असते. ते चूक नाही. पण अपुरे आहे.

आमचाच अनुभव सांगतो. लालबागच्या आमच्या नातलगांच्या गटावर एकदा संदेश आला, की अमुक रुग्णालयात एका मुलासाठी दुर्मीळ गटाचे रक्त तातडीने हवे आहे. खाली दूरध्वनी क्रमांक होता. आम्ही तो तत्काळ आणखी तीन गटांवर पाठवला. खोटे असण्यासारखे त्यात काहीच नव्हते, आणि खात्री करण्यात वेळ घालवणे माणुसकीला धरून वाटले नाही. गटातील एका काकांनी मात्र तो क्रमांक फिरवला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “संदेश दोन वर्षांपूर्वीचा आहे. मुलगा गेला. फोन अजून येतात.” जन्मला तेव्हा तो संदेश खरा होता. तो पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात दया होती. आणि त्या घराला आम्ही सर्वांनी मिळून दोन वर्षे तोच घाव पुन्हा पुन्हा दिला. संदेशावर मूळ तारीख ठळक दिसली असती तर हे टळले असते. ती दाखवणे आमच्या हाती नव्हते.

सावधगिरीचा सगळा भार वाचकावर टाकणे म्हणजे चेंगराचेंगरीत सापडलेल्याला ‘नीट ऐकायला काय झाले होते?’ असे विचारणे होय.

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात विसरली जाते. अफवा रिकाम्या जागेत वाढते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवांवरील पुस्तकात मांडले, की अफवेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. बेरजेवर नव्हे, गुणाकारावर. दोहोंपैकी एक शून्य झाले तरी अफवा शून्य होते. १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णांना सक्तीने उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेले जाई. आत काय होते हे बाहेर कोणी सांगत नसे, आणि पुष्कळ रुग्ण परत येत नसत. रुग्णालयात माणसे मारली जातात अशा वावड्या गिरणगावात उठल्या आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला. महत्त्व टोकाचे होते, कारण जिवाचा प्रश्न होता. संदिग्धताही टोकाची होती. त्या कामगारांना ‘खात्री करून घ्या’ असे सांगून काय झाले असते? खात्री करण्यासाठी दार तरी उघडे हवे. ते उघडणे सरकारच्या हातात होते.

मग वाटणी कशी?

आता गिरगावच्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. आमचे उत्तर असे, की ज्याच्या हाती जे आहे त्याची जबाबदारी त्याच्यावर, आणि सत्याचा अंतिम निवाडा कोणा एकाच्या हाती नको.

सरकारच्या हाती माहिती आहे. म्हणून खरी माहिती वेळेवर, आकड्यांसह आणि चुकल्यास कबुलीसह देणे ही त्याची जबाबदारी. सरकारने उत्तर जरूर द्यावे, कितीही मोठ्याने द्यावे; प्रश्न पुसू नये.

न्यायालयांच्या आणि पोलिसांच्या हाती कायदा आहे. हिंसेची चिथावणी, धमकी, फसवणूक हे गुन्हे आहेत; ते ठरवण्यासाठी कायदा हवा आणि अखेर न्यायाधीश हवा. येथे सावधपणा का हवा याचेही उदाहरण जवळचे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशीच्या मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमधील दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. त्या मुलींनी अफवा पसरवली नव्हती. मत मांडले होते. संदिग्ध शब्दांचा कायदा हाती आला की पहिला बळी बहुधा मतांचा जातो.

कंपन्यांच्या हाती पुलाची रुंदी आहे. वेग, मर्यादा, तारीख, कोणापुढे काय ठेवायचे याचा क्रम, हे सारे त्यांच्या रचनेत येते. त्याबद्दल त्यांना कायद्याने जाब विचारता आला पाहिजे आणि संशोधकांना तो पूल मोजता आला पाहिजे.

यावर आक्षेप येईल, की राईनपाड्यासारखी घटना काही तासांत घडते. न्यायालय आणि संशोधक तेथे काय करणार? आक्षेप रास्त आहे. अशा वेळी जवळचा पोलीस, सरपंच, शिक्षक यांचा आवाजच कामी येतो, आणि तो पोचण्यासाठी अफवेचा वेग आधीच कमी झालेला असावा लागतो. सत्याचा निवाडा करणारा दूरचा कक्ष त्या पाच जणांना वाचवू शकला नसता. पुलाची रुंदी कमी असती तर कदाचित थोडा वेळ मिळाला असता. याहून अधिक दावा आम्ही करत नाही.

उरलो आपण. आपल्या हाती वर्ग आहे. ‘पुढे पाठवू नका’ एवढेच फळ्यावर लिहिण्याऐवजी एखादा खरोखर आलेला संदेश वर्गात घ्यावा आणि मुलांकडून माहीमच्या पाण्याप्रमाणे त्याचे तीन भाग करून घ्यावेत. यातले निरीक्षण कोणते, स्पष्टीकरण कोणते आणि सल्ला कोणता? मग चौथा प्रश्न विचारावा, हा संदेश माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आला आणि ती वाट कोणी बांधली? पहिले तीन प्रश्न विज्ञानाचे आहेत, चौथा नागरिकशास्त्राचा. दोन्ही तास एकाच शाळेत होतात, तेव्हा हे अवघड जाऊ नये.

प्रभादेवीच्या पुलावरून आजही रोज हजारो माणसे जातात. कोणी ना कोणी काहीतरी ओरडत असणारच, आणि कोणी ना कोणी चुकीचे ऐकत असणारच. त्यांचे जीव सुरक्षित ठेवण्यासाठी आपण फूलवाल्यांना बोलायची बंदी केली नाही. पूल नीट बांधला.